लाडकी गाडी ट्रॅकवर न्या, पण ट्रॅकची करू नका

आमच्या बे एरियात तिशी ओलांडलेल्या इंजिनिअर लोकांना दोन रोग हमखास जडतात. एक मॅरेथॉनचा, दुसरा जुन्या स्पोर्ट्स कारचा. दुसरा बळावला की माणूस म्हणायला लागतो, "आता हिची ट्रॅकची गाडी बनवतो!" ऑफिसातला एक मित्र सध्या इथवर पोचलाय. त्याच्याकडे १९९० ची लाल माझदा मिआटा आहे, पॉप-अप हेडलाइटवाली. पाच वर्षं जिवापाड जपली. आता सीटा, कार्पेट, टप सगळं काढून आत लोखंडी पिंजरा वेल्ड करायचा म्हणतोय. मला विचाराल तर हा बेत चुकीचा आहे. का, ते सांगतो.

आधी गाडीबद्दल थोडं. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये मिआटा पहिल्यांदा लोकांसमोर आली. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आसपास, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आणि ताकद मागच्या चाकांना. ११६ हॉर्सपॉवर म्हणजे आजच्या साध्या फॅमिली कारपेक्षाही कमी! पण गंमत ताकदीत नाहीच. माझदावाले तिला 'जिनबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव.

अशी गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. ट्रॅकवर जरूर न्या. माँटेरेजवळचा लगुना सेका इथून फार लांब नाही. ३.६ किलोमीटर, ११ वळणं, आणि कॉर्कस्क्रूला तर रस्ता पायाखालून निसटतो. जवळजवळ १८ मीटरचा उतार!

आता ट्रॅकसाठी गाडीला काय हवं? आपल्या डोक्यात पहिल्यांदा येतो टर्बो. खरी गरज असते ब्रेकची. साधा हिशोब करा. हजार किलोची गाडी ताशी १६० वरून ८० वर आणायची, तर सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. एवढ्यात दोन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. ही उष्णता बहुतेक ब्रेकमध्येच जाते, आणि दर लॅपला अनेकदा. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ फ्लुइड निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं १४० अंशांनाही उकळू शकतं. ते उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. पुढचं वळण तेव्हा थांबत नाही!

म्हणून खर्च करायचा तर ताज्या, जास्त तापमान सोसणाऱ्या फ्लुइडवर, ट्रॅकच्या ब्रेक पॅडवर, चांगल्या टायरवर आणि हेल्मेटवर करा. म्हाताऱ्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या तपकिरी पडल्या असतील, तर तोही बदला. उघडी गाडी आहे, म्हणून बोल्टने बसणारा रोल बार हवाच. आणि शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर. यातलं काहीही गाडीचा जीव घेत नाही.

पिंजऱ्याचं तसं नाही. ट्रॅकवर डोक्यात हेल्मेट असतं, रस्त्यावर नसतं. कानाजवळ लोखंडी नळी असताना मागून कुणी साधा धक्का दिला तरी कपाळमोक्ष. रेसिंगचं स्टिअरिंग लावलं की एअरबॅग गेली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की कॅलिफोर्नियाच्या दोन वर्षांनी होणाऱ्या स्मॉग टेस्टमध्ये नापास. शेवटी गाडी ट्रेलरवर चढते, आणि संध्याकाळी टप उघडून समुद्राकडे जाणं संपतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बॅकअप न घेता प्रॉडक्शनवर केलेला प्रयोग आहे. कापलेल्या पत्र्याला अनडू नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा मनाचा आहे. शिकायला जाता तेव्हा तुम्ही थोडा वेग हातचा राखता. धोका तेव्हाही असतोच, पण कमी. ट्रॅक मशीन बांधतात ते हा हातचा संपवायला. अशी गाडी भिंतीवर आदळली, तर ती तिथेच सोडून घरी यायची तयारी हवी. इन्शुरन्सच्या बहुतेक पॉलिसींत ट्रॅक बसत नाही. जिच्यावर जीव आहे तिच्याबाबत ही तयारी होत नाही. मग माणूस एक तर घाबरत चालवतो, किंवा नंतर रडतो.

"पण या पिढीच्या चार लाखांहून जास्त बनल्या, एक कापली तर काय बिघडलं?" जगाचं काहीच नाही. पण त्या चार लाखांतली तुमच्याबरोबर पाच वर्षं राहिलेली एकच आहे ना?

रेसच करायची असेल, तर एससीसीएचा 'स्पेक मिआटा' हा वर्गच आहे. त्यासाठी आधीच पिंजरा बसवलेल्या, चार ठिकाणी ठोकलेल्या गाड्या सेकंडहँड मिळतात, आणि घरी बांधण्यापेक्षा सहसा स्वस्त पडतात. तिला हवी तशी पिळा.

असो. टर्बोची ऑर्डर देण्याआधी दोन-तीन ट्रॅक डे आहे त्याच इंजिनावर करून बघा. लॅप टाइम कमी होईल, आणि सुधारणा गाडीत नाही, ड्रायव्हरमध्ये झालेली असेल. ती पुढच्या प्रत्येक गाडीत बरोबर येते.