‘सध्या’ आमच्याकडे आहे

मागच्या हिवाळ्यात चाकूरच्या एका घरी आम्ही भेटीला गेलो होतो. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पाणी घेऊन आली. आम्ही सहज विचारलं, “ही कोणाची?” घरातली बाई म्हणाली, “माझ्या दिराची. अब्बा वारले, अम्मीचा दुसरा निकाह झाला. सध्या आमच्याकडे आहे.” त्याआधी मुलगी वर्षभर नानीकडे होती, मग काही महिने खालाकडे. चाचीकडे येऊन दोन वर्षं झाली होती, तरी ‘सध्या’ काही संपलं नव्हतं. चाची मायाळू होती. कपाटात एक कप्पाही तिने रिकामा करून दिला होता. पण मुलगी कपडे ठेवायची पिशवीतच, दाराजवळच्या खुंटीला अडकवलेल्या.

ती पिशवी आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. यतीम मुलाला जवळ करण्यात आपली घरं मागे पडत नाहीत. उणीव आहे ती पुढची: हे मूल कुठवर राहणार, कोणाचं म्हणून वाढणार, हे ठरवायला कोणी बसत नाही. आसरा मिळतो, मुक्काम ठरत नाही. दर जूनला शाळा बदलते आणि कागद मागच्या घरी राहतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर असाच प्रश्न आला होता. हजरत हमजा (रजि.) उहुदच्या लढाईत शहीद झाले. पुढे त्यांच्या मुलीला सांभाळण्यासाठी हजरत अली, हजरत जाफर आणि हजरत जैद (रजि.) असे तिघे पुढे आले. प्रेषितांनी ‘पाहू नंतर’ म्हटलं नाही. जाफर यांच्या घरी मुलीची सख्खी खाला होती. खाला आईच्या ठिकाणी असते, असं कारण देऊन मुलगी तिच्या स्वाधीन केली आणि इतरांचं मनही राखलं. निर्णय एकदाच झाला, सर्वांसमोर झाला, कारण सांगून झाला.

आपल्या लातूर जिल्ह्याने हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पाहिलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. नळदुर्गला पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने ‘आपलं घर’ उभं राहिलं. संस्थेत मुलाचं नाव निदान हजेरीपटावर असतं. नातेवाइकांच्या घरी वाढणारं मूल मात्र कोणत्याच वहीत नसतं.

कायद्याने ही वही ठेवायची सोय केली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. समितीपुढे आलेल्या मुलाचा स्वतंत्र संगोपन आराखडा करायचा असतो. आई किंवा बाप सांभाळू शकेल काय? नसेल तर जवळचा नातेवाईक आहे काय? तोही नसेल तर दुसरं कुटुंब कोणतं? मूल समितीच्या आदेशाने पालक-कुटुंबात दिलं, तर त्याची पाहणी दरमहा करायची असते. आई-बापांना मुलाला भेटता येतं आणि त्यांची परिस्थिती सुधारली तर मूल परतही जाऊ शकतं. म्हणजे प्रत्येक मुक्कामाला कारण हवं आणि पुढचा टप्पाही लिहिलेला हवा.

दत्तकाचं नाव निघालं की आपल्याकडे अडखळायला होतं. कुरआनने मुलाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने ओळखायला सांगितलं आहे. पण संगोपनाला त्यामुळे कुठेच अडसर येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात इस्लामी ‘कफाला’चा स्वतंत्र उल्लेख आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. बाल न्याय कायद्याखाली मुस्लिमांनाही दत्तक घेता येतं; मात्र सक्ती कोणावर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केलं. वाट ज्याने त्याने निवडावी. मुलाला वाटेत उभं ठेवू नये.

राज्याची क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. पात्र मुलाला १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. नातेवाइकांकडे राहणाऱ्या आणि एकच पालक असलेल्या मुलांनाही अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्न दाखला आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवावं. चौकशी लातूरच्या महिला व बाल विकास कार्यालयात करावी. मूल संकटात असेल तर १०९८ वर फोन करावा.

मिळकतीचंही बघा. बापाकडून आलेला यतीमाचा वाटा वेगळा लिहून ठेवावा. तो जाणता झाला की साक्षीदारांसमोर परत करावा, ही कुरआनची ताकीद आहे. दादाच्या घरात वाढलेला नातू, चाचा हयात असतील तर, दादाचा वारस ठरत नाही. म्हणून दादांनी हयातीतच एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत करावी किंवा हिबा करावा.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मोहल्ल्याच्या मस्जिदीत एक वही असावी. एका मुलाला एक पान. त्यावर हे लिहावं: मूल कोणाकडे आहे, कधीपासून; आईची भेट होते काय; शाळा कोणती; कागद कोणाजवळ; मिळकत किती; आणि पुढच्या दोन वर्षांत कुठे राहील. दोन्ही ईदच्या आधी जाणत्या भगिनींनी घरी जाऊन मुलालाच विचारावं. ते पान चव्हाट्यावर वाचून दाखवू नये. मुलाची अब्रूही अमानतच आहे.

शाबानमध्ये आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. दोन्हीकडची मोठी माणसं एकदा बसली होती. मुलगी दहावीपर्यंत चाकूरलाच शिकणार, सुट्टीत अम्मीकडे जाणार, असं ठरलं होतं. पिशवी अजून खुंटीलाच होती. पण मुलीने, “जूनमध्ये मी कोणत्या शाळेत?” असं विचारलं, तेव्हा चाची न थांबता म्हणाली, “ह्याच.”

आपल्या ओळखीत असं एखादं मूल असेल, तर येत्या जुम्म्याला एवढंच विचारा: ‘सध्या’ म्हणजे किती दिवस?