गावाची पत आणि दिल्लीची नोट

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा बोर धरणाजवळच्या हिंगणीच्या परिसरात आणि साऱ्या वर्धा जिल्ह्यात कापूसवेचणीचा हंगाम चालू होता. कापूस घरात होता, मजूर दारात होते. नव्हता तो चुकारा. देशातील चलनाच्या एकूण किमतीपैकी ८६ टक्के किमतीच्या नोटा एका घोषणेने बाद ठरल्या, आणि ग्रामीण भागाचा संसार वाण्याच्या उधारीच्या वहीवर जाऊन पडला. संकटातले चलन निघाले ते असे. मात्र त्याची वही सावकाराच्या हाती.

१९१४ साली महायुद्ध सुरू होऊन नाणी दिसेनाशी झाली, तेव्हा जर्मनीतील लहानसहान गावांनीही स्वतःच्या नोटा छापल्या. गावप्रमुखाची सही आणि ठरावीक मुदतीत बदलून देण्याचे वचन, एवढेच त्यांचे भांडवल. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९२३ च्या महागाईत अशा नोटांचीही रद्दी झाली आणि त्यात मजुरीवर जगणारा भरडला गेला. शिवाय गावांप्रमाणे कारखानदारांनीही नोटा काढल्या होत्या. मालकाची चिठ्ठी मजुराला बांधून ठेवते. गावाच्या चिठ्ठीचा हिशेब त्याला निदान चावडीवर मागता येतो.

हा विचार वर्धा जिल्ह्याला परका नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या सुमारास, हातसूत हेच मूल्याचे माप मानून व्यवहार करण्याचा प्रयोग सेवाग्रामच्या खादी विद्यालयात झाला. पुढे १९४५ मध्ये चरखा संघाने खादीच्या किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने घेण्याचा नियम केला. तो फार चालला नाही. पण ज्याच्या हाती श्रम आहेत त्याच्या हाती विनिमयाचे साधनही असावे, हा त्यामागील आग्रह खोटा नव्हता.

आज एखाद्या ग्रामसभेने वाहकाला मागताक्षणी पैसे देण्याची वचनचिठ्ठी काढली, तर रिझर्व्ह बँक कायद्याचे (१९३४) कलम ३१ आड येते. १९२३ चा अनुभव पाहता ही मनाई गैर म्हणता येणार नाही. परंतु नोटेचा मक्ता ज्याने घेतला, त्याच्यावर ती हंगामात गावापर्यंत पोचविण्याचे उत्तरदायित्वही येते. २०१६ मध्ये घडले ते उलटेच. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास व बदलण्यास मनाई झाली. म्हणजे शेतकऱ्याला जवळची असलेली बँकच बाजूला काढली गेली. वर्ध्याची बँक तर आधीच डबघाईला आलेली.

पुढे वर्ध्यासह राज्यातील आठ जिल्हा बँकांच्या तिजोरीत ८ नोव्हेंबर रोजी असलेल्या सुमारे ११२ कोटी रुपयांच्या नोटा रिझर्व्ह बँकेने स्वीकारल्या नाहीत आणि २०१८ मध्ये ही रक्कम तोटा म्हणून दाखविण्यास त्यांना सांगण्यात आले. गावाने वचन मोडले असते तर त्याला फसवणूक म्हटले असते. येथे वचन केंद्र सरकारच्या हमीचे होते, आणि तोटा लिहिला गेला तो सभासद शेतकऱ्यांच्या बँकेच्या खाती.