ॲप म्हणतं पाणी द्या, पण लाईट?

बारामतीच्या उसाची गोष्ट आता जगभर पोचलीय. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने एआय वापरून ऊस घेण्याचा प्रयोग केला आणि २०२५ च्या सुरुवातीला खुद्द सत्या नाडेला त्यावर बोलले. तेव्हापासून इंदापूर-बारामती एसटीत इंजिनिअरिंगच्या पोरांचा एकच विषय: एआयचा कोर्स कुठला करायचा?

आम्हाला वाटतं, प्रश्न जरा चुकतोय.

त्या शेतात काय काय आहे बघा. जमिनीत सेन्सर, बांधावर हवामान केंद्र, वरून उपग्रहाची छायाचित्रं, कुठंतरी लांब सर्व्हरवर सगळा हिशेब आणि शेवटी शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला. आता समजा, सल्ला आला: आज पाणी द्या. पण शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे आणि नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटायला अजून आठ दिवस आहेत. सेन्सर बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, ऊस मात्र तहानलेला. लाईट आणि कालवा हेही याच यंत्रणेचे भाग आहेत, हे आधीच कागदावर मांडणारा माणूस हवा होता. त्या मांडणीचं शास्त्र म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंग.

हे दुर्लक्षित राहिलं की काय होतं, ते युरोपने ४ जून १९९६ ला पाहिलं. एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. एरियान-४ मध्ये नीट चाललेलं सॉफ्टवेअर तसंच उचललं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, तो आकडा १६ बिटच्या जागेत मावला नाही. जुन्या रॉकेटसाठी तो प्रोग्रॅम अगदी बरोबर होता! नव्या मार्गाचे आकडे घालून तो कुणी चालवून बघितला नव्हता, एवढंच.

मग शिकायचं कुठं? मुंबईच्या आयआयटीत सिस्टिम्स अँड कंट्रोलचं एमटेक आहे, गेट देऊन जाता येतं. पण त्याचा भर नियंत्रणाच्या गणितावर जास्त, हे माहीत असू द्या. परदेशातलं शिक्षण म्हणजे बहुतेक घरांत जमिनीवर कर्ज. आणि अमेरिकेतल्या एमआयटीचा सिस्टिम डिझाइन अँड मॅनेजमेंट अभ्यासक्रम तर नोकरीत काही वर्षं काढलेल्यांसाठीच आहे. त्यामागे कारण आहे. एखादी यंत्रणा चालू करताना रात्रभर जागल्याशिवाय या विषयातलं अर्धं डोक्यात शिरत नाही. म्हणून घाई करू नका. आधी दोन वर्षं भवानीनगरच्या साखर कारखान्यात नाहीतर एमआयडीसीत काढा, मग अर्ज भरा. (घरच्यांना हे पटवणं गेटपेक्षा अवघड, मान्य.)

कॉलेजांकडे मात्र आमचं मागणं आजचं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला गट बहुतेक एकाच शाखेचे पडतात. कॉम्प्युटरची मुलं ॲप करतात, इलेक्ट्रिकलची मोटारीचं पॅनेल, आणि दोन्ही फाइली शेजारशेजारच्या कपाटात पडून राहतात. बारामतीचं विद्या प्रतिष्ठान असो की इंदापूरचं एस. बी. पाटील कॉलेज, दोन शाखांचा मिळून एक गट होऊ द्या. परीक्षक म्हणून एखाद्या बागायतदारालाही बोलवा. तो पहिलाच प्रश्न विचारेल, लाईट गेल्यावर तुमचं हे काय करतं? तुमच्या गटाकडे त्याचं उत्तर आहे का?