‘चालत आले’ की चालविले?



गावात अन्यायाला न्याय ठरवावयाचे झाले की एकच साक्षीदार उभा केला जातो : ‘हे पूर्वापार चालत आले आहे.’ येसकराने चावडीपुढे तिष्ठावे, मेलेले ढोर ओढावे, बलुत्यासाठी खळ्यावर पदर पसरावा, हे सारे याच साक्षीवर पिढ्यान्‌पिढ्या चालले. साक्षीदाराची उलटतपासणी बाबासाहेबांनी केली.

आपल्या वाडवडिलांना सांगण्यात येई की, महारांचे बावन्न हक्क बेदरच्या बादशहाने दिले. ही दंतकथा खरी धरली तरी तिच्यातून सिद्ध काय होते? हेच की, ज्याला देवाज्ञा म्हणून आपल्या माथी मारले, तो एका राजाचा कागद होता! पुढे इंग्रजी मुलुखात १८७४ च्या वतन कायद्याने तेच जोखड पक्के केले, आणि १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात त्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. तेथे कायदा निराळा, राबणूक तीच.

भगवान बुद्धांचाही मार्ग हाच. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त घरी वाचा. ब्राह्मण वर्णच श्रेष्ठ, असे प्रतिपादणाऱ्या अस्सलायन नावाच्या तरुणाला भगवंत विचारतात की, योन व कंबोज या देशांत धनी आणि दास असे दोनच वर्ग असून तेथे धन्याचा दास व दासाचा धनी होतो, हे तू ऐकले आहेस काय? तरुणाला होकार द्यावा लागतो. ब्रह्मदेवाच्या मुखातून निघालेली म्हणे ही व्यवस्था, आणि तिला देशाची सरहद्दही ओलांडता येऊ नये!

आता हीच उलटतपासणी आपल्या घरात करू. राग येईल, येऊ द्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण मोठ्याने म्हणतो. पण सोयरिक निघाली की पोटजात विचारतो, हुंड्याची यादी करतो. ऊसतोडीला ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी लागते. जोडी झाली की मुकादमाची उचल वाढते, म्हणून शाळेतली पोर उजवून टाकतो. विचारावे तर उत्तर काय? ‘आमच्यात असेच चालत आले.’ तोच साक्षीदार!

साखर कारखाने या मुलुखात आले ते विसाव्या शतकात. मग कोयत्यासाठी होणारे लग्न पूर्वापार कसे? १८९१ साली संमतिवय दहावरून बारावर नेले तेव्हा धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा ठरविले, १९७८ साली ते अठरा झाले. धर्म बुडाल्याचे ऐकिवात नाही.

गरिबी खरी आहे. ती आम्ही नाकारीत नाही. पण गरिबीला परंपरा म्हटले की त्या गरिबीवर ज्यांचा नफा उभा आहे, ते सारे नामानिराळे राहतात.

वर्षावासात आपली कुटुंबे गावीच असतात. विहारात वृद्धांना बोलते करा : येसकरी कोणी केली, कधी सोडली, सोडताना गावाने काय केले? मुलींच्या हाती वही द्या आणि त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आश्विन पौर्णिमा उलटली की टोळ्यांच्या गाड्या भरू लागतात. वही त्याआधी पुरी व्हावी, आणि ती लिहिणारी मुलगी गाडीत नव्हे, शाळेत असावी.