शांत पर्वतावरील पहारा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सेंट हेलेन्स पर्वत १८ मे १९८० रोजी सकाळी फुटला. त्यापूर्वी दोन महिने भूकंपाचे धक्के बसत होते आणि पर्वताची उत्तरेकडील बाजू फुगत चालली होती. अखेर ती बाजूच ढासळली आणि आत कोंडलेल्या वायूचा व तप्त राखेचा झोत आडवा सुटला. ५७ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे १० किलोमीटरवरील ठाण्यात नोंदी घेत असलेला डेव्हिड जॉन्स्टन हा सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा तरुण शास्त्रज्ञ त्यांपैकीच एक होता. या उद्रेकानंतर त्याच राज्यातील व्हँकुव्हर शहरात खात्याने कायमची ज्वालामुखी वेधशाळा स्थापन केली आणि तिला जॉन्स्टनचे नाव दिले.

या वेधशाळेचे काम बाहेरून पाहणाऱ्यास नीरस वाटावे असेच आहे. भूगर्भातील शिलारस वर सरकू लागला की खडक तडकतात व लहान लहान धक्के बसतात. जमीन किंचित फुगते. गंधकयुक्त वायूचे प्रमाण वाढते. ही लक्षणे टिपण्यासाठी कॅस्केड पर्वतरांगेत ठिकठिकाणी उपकरणे बसविलेली आहेत. तथापि पर्वत शांत असताना त्याचे नेहमीचे वर्तन कसे असते, हे ठाऊक असल्याखेरीज त्यातील बिघाड ओळखता येत नाही. म्हणूनच ज्या वर्षी काहीच घडत नाही, त्या वर्षीच्या नोंदीही मोलाच्या ठरतात. अंदाजपत्रकाची छाननी करणाऱ्यांना नेमके हेच पटत नाही. जो पर्वत शतकानुशतके निद्रिस्त आहे त्यावर पैसा का खर्चावा, असा प्रश्न ते विचारतात. या प्रश्नाचे उत्तर दोन पर्वतांनी दिले आहे.

पहिला पर्वत कोलंबियातील नेवाडो देल रुईस. १९८४ च्या अखेरीस त्याच्या हालचाली सुरू झाल्या. परंतु त्यावर कायमचा पहारा नव्हता आणि उपकरणे उशिरा पोहोचली. तरीही १९८५ च्या ऑक्टोबरात धोक्याचा नकाशा तयार झाला होता व आर्मेरो हे गाव चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर असल्याचे त्यात दाखविले होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला आणि शिखरावरील बर्फ वितळून निघालेला लोंढा सुमारे अडीच तासांनी आर्मेरोवर आदळला. सुमारे २३ हजार माणसे मेली. अडीच तासांत गाव सोडून उंचावर जाणे अशक्य नव्हते. परंतु संध्याकाळी राख पडू लागली, तेव्हा लोकांना घरातच शांत राहण्यास सांगण्यात आले होते. नकाशा होता, त्यावर विश्वास ठेवून वेळीच हुकूम देणारी यंत्रणा मात्र नव्हती.

या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने परदेशांच्या साहाय्यार्थ एक पथक उभारले. व्हँकुव्हरची वेधशाळा हेच त्याचे ठाणे होय. १९९१ मध्ये फिलिपीन्समधील पिनातुबो सुमारे पाचशे वर्षांच्या निद्रेनंतर जागा झाला, तेव्हा हे पथक तेथील सरकारी ज्वालामुखी व भूकंप संस्थेच्या मदतीस धावले. शास्त्रज्ञांनी धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवून दिल्या. साशंक अधिकाऱ्यांना ज्वालामुखीचा संहार दाखविणारी चित्रफीतही पाहावयास लावली. १५ जून रोजी विसाव्या शतकातील सर्वांत प्रचंड उद्रेकांपैकी एक झाला, त्यापूर्वीच हजारो कुटुंबे दूर नेण्यात आली होती. त्याच दिवशी आलेल्या वादळाच्या पावसाने राख भिजून छपरे कोसळली आणि शेकडो लोक दगावले, हे खरे. परंतु किमान पाच हजार प्राण वाचले, असा अंदाज करण्यात आला आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो खोटा नाही. १९७६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर सुमारे ७० हजार लोकांना महिनोन्‌महिने घराबाहेर राहावे लागले आणि भाकीत केलेला महाउद्रेक झालाच नाही. पोटासाठी रोज राबणाऱ्याला घर सोडणे परवडत नाही आणि खोटी ठरलेली सूचना पुढच्या सूचनेचे वजन कमी करते. परंतु या आक्षेपाचा निष्कर्ष पहारा उठवावा असा निघत नाही. उलट नोंदी जितक्या दीर्घकाळच्या, तितका अंदाज नेमका. नागरिक आणि अधिकारी यांच्याशी शास्त्रज्ञांचा परिचय जितका जुना, तितकी त्यांची अनिश्चितताही प्रामाणिकपणे सांगता येते.

खुद्द अमेरिकेतही सर्व धोकादायक ज्वालामुखींवर पुरेशी उपकरणे नव्हती. राष्ट्रीय पूर्वसूचना यंत्रणेसाठी कायदा होण्यास २०१९ साल उजाडावे लागले. धनाढ्य राष्ट्राची ही कथा, तर गरीब राष्ट्रांविषयी निराळे सांगावयास नको. संकट ओसरले की समित्या नेमल्या जातात आणि स्मृती पुसट झाली की उपकरणांच्या दुरुस्तीचा पैसा कापला जातो. आर्मेरोच्या रहिवाशांना नकाशाच्या जोडीला हवी होती ती अनेक वर्षांच्या शांततेत कमावलेली विश्वासाची यंत्रणा. ती धोका दाराशी आल्यावर पाच आठवड्यांत उभी राहत नाही. वेधशाळेवरील खर्च हा त्या विश्वासासाठी भरलेला हप्ता आहे आणि तो पर्वत शांत असतानाच भरावा लागतो.