‘पोहू नये’ एवढेच लिहिले होते

१४ जून २०१६ च्या रात्री, नऊच्या सुमारास, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डिस्ने वर्ल्डच्या ग्रँड फ्लोरिडियन रिसॉर्टमध्ये एका दोन वर्षांच्या मुलाला मगरीने ओढून नेले. नेब्रास्कातून सुट्टीसाठी आलेले ते कुटुंब होते. रिसॉर्टच्या तळ्याकाठी वाळूचा किनारा आहे. तिथे मूल वाळूत खेळत होते आणि किल्ल्यासाठी पाणी आणायला काठाशी वाकले होते. बापाने पाण्यात झेप घेतली, मगरीचा जबडा दोन्ही हातांनी उघडण्याचा प्रयत्न केला, त्यात त्याचे हात जखमी झाले, पण मूल सुटले नाही. दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांना मुलाचा मृतदेह सापडला. त्या घटनेला जून २०२६ मध्ये दहा वर्षे होतात. सुट्टीच्या दिवसांत मुलांना घेऊन जंगलाकाठच्या, तळ्याकाठच्या, खाडीकाठच्या मुक्कामांवर जाणाऱ्या घरांची संख्या आपल्याकडेही भराभर वाढते आहे. म्हणून त्या रात्रीचा हिशेब पुन्हा मांडायला हवा.

त्या किनाऱ्यावर फलक होते. त्यांवर ‘पोहू नये’ असे लिहिले होते. मगरीचा उल्लेख एकाही फलकावर नव्हता. नेब्रास्कातल्या माणसाने तो फलक वाचून काय समजावे? पाणी खोल असेल, अस्वच्छ असेल, जीवरक्षक नसेल. ते कुटुंब पोहतही नव्हते. फलकाने सांगितलेला नियम त्यांनी मोडलाच नव्हता. नियम पाळणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटते आणि इथे नेमका तोच समज घातक ठरला.

रिसॉर्टच्या काठचे ते तळे, सेव्हन सीज लगून, निसर्गाने दिलेले नाही. ते डिस्नेने खणले, त्याच्या काठावर पांढरी वाळू पसरली, तिच्यावर आरामखुर्च्या मांडल्या. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी उघड्यावर चित्रपट दाखवला जात होता. वाळू आणि पाणी शेजारी ठेवल्यावर दोन वर्षांचे मूल काय करील हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. लहान मुलाला पाण्याकडे बोलावणारी जागा पैसे घेऊन उभी करायची आणि त्या पाण्यात काय राहते हे मात्र सांगायचे नाही, यातच जबाबदारीचा सारा प्रश्न सामावलेला आहे. जंगलात मगर असणे हा कुणाचा दोष नाही. मुलाला तिच्या टप्प्यात आणून बसवणे हा माणसाने घेतलेला निर्णय असतो.

आणि हे माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नव्हती. फ्लोरिडात सुमारे तेरा लाख ॲलिगेटर, म्हणजे तिथल्या मगरी, आहेत. राज्यात गोड्या पाण्याचे जवळपास कोणतेही तळे त्यांच्यासाठी परके नाही, ही गोष्ट तिथले शाळकरी पोरही सांगते. रात्री आणि उन्हाळ्यात ही मगर अधिक हालचाल करते. मे-जून हा तिच्या मीलनाचा काळ आणि नेमकी तेव्हाच अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी लागते. डिस्नेकडे वन्यजीव हाताळणारी स्वतंत्र यंत्रणा होती. धीट झालेल्या मगरी राज्याच्या परवानगीने पकडून नेल्या जात होत्या. घटनेनंतर वृत्तपत्रांनी जुना पत्रव्यवहार बाहेर काढला. रिसॉर्टच्या परिसरातल्या अग्निशमन दलाचे लोकच मगरींना खायला घालत होते आणि तसे करू नका असे त्यांना बजावले गेले होते, हे त्यातून दिसले. फ्लोरिडात मगरीला खाऊ घालणे हा गुन्हा आहे. त्याचे कारणही साधे आहे. माणसाच्या हातचे खाल्लेली मगर माणसाला भीत नाही. ती काठाशी येऊन थांबते.

म्हणजे रिसॉर्टला ठाऊक होते, कामगारांना ठाऊक होते, राज्याच्या वन्यजीव खात्याला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त त्या पाहुण्यांना.

घटनेनंतर तीन दिवसांत किनाऱ्यावर नवे फलक लागले. त्यांवर मगर आणि साप यांचा स्पष्ट इशारा होता, पाण्यापासून दूर राहा असे लिहिले होते. दोर बांधले गेले, पुढे दगडांचे बांध आले. तीन दिवसांत जे करता आले ते त्याआधीच्या पंचेचाळीस वर्षांत का केले नाही? आमच्या मते याचे उत्तर खर्चात नाही. चार फलक आणि दोरी यांना त्या उद्योगाच्या हिशेबात काही किंमतच नाही. अडचण होती ती चित्राची. जिथे सारे काही गोड, स्वच्छ आणि निर्धोक आहे असे विकले जाते तिथे मगरीचे चित्र लावायला कुणी धजावत नाही. पाहुण्याला घाबरवू नये, हा आतिथ्य-व्यवसायातला न लिहिलेला नियम आहे आणि तो मुलांच्या जिवावर उठतो.

त्या मुलाच्या आईबापांनी डिस्नेवर खटला भरला नाही. तो त्यांचा निर्णय होता आणि त्याचा आदरच करावा. पण त्यामुळे कायद्यापुढचा प्रश्न अनुत्तरित राहिला. इंग्लंड-अमेरिकेच्या परंपरेतला जुना न्याय असा, की रानटी जनावर कुणाच्या मालकीचे नसते, म्हणून त्याने केलेल्या इजेला जमीनमालक जबाबदार नाही. एकट्या शेतकऱ्याच्या रानात साप चावला तर हा न्याय रास्त आहे. मात्र याच परंपरेत दुसरीही रेघ आहे. पैसे देऊन आलेल्या पाहुण्याला जो धोका दिसण्यासारखा नाही आणि मालकाला मात्र माहीत आहे किंवा माहीत असायला हवा, त्याची सूचना देणे मालकाचे कर्तव्य ठरते. आम्हाला ही दुसरी रेघ खरी वाटते. जनावराची मालकी कुणाची हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. माहिती कुणाकडे होती आणि बोलावले कुणी, हे विचारले पाहिजे.

त्याऐवजी जगाने त्या आठवड्यात आईबापांनाच प्रश्न विचारले. रात्री नऊ वाजता एवढे लहान मूल पाण्याकाठी कशाला, लक्ष कुठे होते, असे हजारो अनोळखी लोकांनी लिहिले. बाप काही पावलांवर होता, त्याने मगरीच्या तोंडात हात घातला, हेही या लोकांना पुरे वाटले नाही. आईबापांना दोषी धरण्याची ही घाई किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. १७ ऑगस्ट १९८० रोजी उलुरू या प्रसिद्ध खडकाच्या पायथ्याशी, पर्यटकांच्या तळावरून, अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, तिला नेले असे आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. लोकांनी ऐकले नाही. डिंगो असे करीत नाही असे ठरवून टाकले गेले. १९८२ मध्ये आईला मुलीच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९८६ मध्ये डिंगोंच्या बिळांच्या परिसरात मुलीचे जाकीट सापडले तेव्हा ती सुटली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि डिंगोनेच मुलीला नेले असा अधिकृत निर्वाळा मिळायला २०१२ साल उजाडले. बत्तीस वर्षे! या सगळ्यात एक कागद विसरला जातो. तिथल्या मुख्य वनरक्षकाने डिंगो धीट होत चालले आहेत, माणसावर प्रसंग येईल, असे घटनेच्या आधीच सरकारला लिहून कळवले होते. पर्यटक त्यांना खायला घालत होते. इशारा सरकारी फायलीत होता, तळावर तंबू ठोकणाऱ्या आईपर्यंत पोहोचला नव्हता. फ्लोरिडात छत्तीस वर्षांनी तेच घडले.

शिक्षा भोगणाऱ्यांत आणखी एक घटक असतो, तो म्हणजे जनावर. फ्लोरिडात त्या शोधात सहा मगरी मारल्या गेल्या. २००१ मध्ये क्वीन्सलंडच्या बेटावर, आज ज्याला कगारी म्हणतात तिथे, नऊ वर्षांच्या मुलाचा डिंगोने बळी घेतला, तेव्हा तीसहून अधिक डिंगो मारले गेले. माणसांनी हाताने भरवून ज्यांची भीती घालवली त्यांनाच गोळी घालायची, हा न्याय आम्हाला पटत नाही. मुलांचे रक्षण आणि वन्यजीवांचे रक्षण ही एकमेकांविरुद्धची मागणी नाही. काठाला कुंपण असते तर मूलही वाचले असते आणि मगरीही.

आपल्या देशात हा प्रश्न अधिक जवळचा आहे. जून २०२३ मध्ये बालाजीच्या तिरुमला डोंगरावर चढणाऱ्या अलिपिरीच्या पायवाटेवर बिबट्याने तीन वर्षांच्या मुलाला उचलले आणि तो कसाबसा वाचला. पुढे ऑगस्टमध्ये त्याच वाटेवर सहा वर्षांची मुलगी बळी गेली. पंधरा वर्षांखालच्या मुलांना दुपारी दोननंतर पायवाटेने सोडायचे नाही, यात्रेकरूंच्या हाती काठ्या द्यायच्या, हे निर्णय त्या मुलीच्या मृत्यूनंतर झाले. जूनमधला इशारा पुरेसा होता. महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य कुटुंबे बालाजीला जातात, त्यांच्या लेकरांनाही हा प्रश्न लागू होतो. २०२१ च्या जानेवारीत वायनाडमध्ये मेप्पाडीजवळच्या रिसॉर्टमध्ये तंबूत उतरलेल्या एका तरुणीला रानहत्तीने मारले. त्यानंतर प्रशासनाने ते ठिकाण बंद केले. तेही त्यानंतरच.

आणि महाराष्ट्र? जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा बिबट्यांचा मुलूख झाला आहे. उसात जन्मलेल्या, उसातच वाढलेल्या बिबट्यांच्या पिढ्या तिथे आहेत. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लहान मुले बळी गेली आणि संतापलेले ग्रामस्थ महामार्गावर उतरले. त्याच पट्ट्यात पुण्या-मुंबईच्या कुटुंबांसाठी कृषी पर्यटन केंद्रे आणि शेतघरे आहेत. गावातल्या आईला ठाऊक असते की तिन्हीसांजेनंतर पोराला एकट्याने उसाच्या बांधाशी जाऊ द्यायचे नाही, वाकून किंवा उकिडवे बसलेले मूल बिबट्याला भक्ष्य वाटते, अंगणात दिवा हवा, चौघांत मोठ्याने बोलत जावे. हे शहाणपण तिने किंमत मोजून मिळवलेले आहे. शनिवारी संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांच्या मुलाला त्यातले काहीच माहीत नसते. त्याला सांगितले जाते ते हुरडा कुठे आहे आणि शेकोटी किती वाजता आहे. कोकणात वाशिष्ठीच्या खाडीत मगरी दाखवायला होड्या जातात, पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर मगर चालताना लोकांनी पाहिली आहे. सांगलीत कृष्णेच्या काठावर तर हे भय रोजचे आहे. मगर दाखवून पैसे मिळवायचे असतील तर त्याच पाण्याच्या काठी पोरांना सोडू नका, हे सांगण्याचे कर्तव्यही त्या पैशात आले.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर महाराष्ट्र सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देते. ही मदत आवश्यक आहे. पण तिच्यामुळे एक गैरसमज रुजतो, की वन्यप्राणी म्हणजे वनखाते आणि वनखाते म्हणजे सरकार, मग मुक्कामाचे भाडे घेणाऱ्याचा संबंध उरत नाही. कायदा तसे म्हणत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘सेवेतील त्रुटी’ची जी व्याख्या केली आहे तिच्यात ग्राहकाला इजा पोहोचवणारा निष्काळजीपणा येतो आणि संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. आठवड्यापूर्वी शेजारच्या शेतात बिबट्या दिसला, वनखात्याने पिंजरा लावला, आणि तरी मालकाने मुलांसह येणाऱ्या कुटुंबाला अवाक्षर सांगितले नाही, तर ती त्रुटी नाही तर काय? ग्राहक आयोगांनी या व्याख्येचा हा अर्थ ठामपणे लावावा. पर्यटन संचालनालयाने कृषी पर्यटन केंद्रांची नोंदणी आणि नूतनीकरण करताना वनखात्याच्या माहितीची सांगड घालावी: परिसरात कोणते प्राणी आहेत, गेल्या वर्षभरात काय घडले, संध्याकाळनंतर मुलांसाठी कोणती जागा बंद राहील, रात्री कोण जागे असते, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे. हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, खोलीच्या दारामागे नव्हे तर प्रवेशद्वारावर लिहिलेले हवे. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकणाऱ्या आणि त्यामुळे भटकी कुत्री व त्यांच्या मागे बिबट्या ओढून आणणाऱ्या केंद्राची नोंदणी थांबवावी.

प्रामाणिक शेतकरी-मालकांना यात घाबरण्यासारखे काही नाही. त्यांच्यापैकी अनेकजण आजही पाहुण्यांना अंधार पडायच्या आत अंगणात बोलावतात, मुलांना बांधाकडे जाऊ देत नाहीत. त्यांनी हे सांगितल्याने पाहुणे कमी होत नाहीत. ज्याने आपल्या मुलाची काळजी घेतली त्याच्याकडे माणूस पुन्हा येतो.

आईबापांचीही जबाबदारी आहेच. त्यांनी मुलाचा हात धरावा, माकडाला वेफर्स देऊ नयेत, मुलालाही देऊ देऊ नयेत, अंधारात पाण्याशी आणि पिकाशी जाऊ नये. परंतु ज्या धोक्याचे नावच सांगितले नाही त्याच्यापासून मूल वाचवण्याची अपेक्षा आईबापांकडून करता येत नाही.

वाचकांना एक विनंती. अमेरिकेत लेकीकडे गेलेले आजी-आजोबा नातवंडांना घेऊन फ्लोरिडाला जाणार असतील, किंवा तुम्ही स्वतः पुढच्या शनिवारी जुन्नरला, ताडोब्याला, चिपळूणला निघणार असाल, तर आगाऊ पैसे भरण्यापूर्वी फोनवर दोन प्रश्न विचारा: तुमच्या आवारात आणि आसपास कोणते वन्यप्राणी येतात, आणि मुलांसाठी तुम्ही काय बंदोबस्त केला आहे. नीट उत्तर मिळाले नाही तर तिथे मुलांना नेऊ नका, आणि का नेले नाही हे त्या मालकाला कळवा.