घाटाचे पंचांग

मुरुडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला समुद्राचे वेळापत्रक वेगळे शिकवावे लागत नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून होडी लोटायची नाही, हा कोळीवाड्याचा जुना रिवाज. पेढीवर बसणारा व्यापारी स्वतः होडीत पाऊल ठेवत नसला, तरी बाजारातील उलाढाल याच तालावर चालत असल्याने भरती-ओहोटीचे भान त्याच्या अंगवळणी पडलेले असते. मात्र हेच कुटुंब गाडीत बसून सह्याद्रीकडे निघाले, की ते भान किनाऱ्यावरच राहते. मोबाइलच्या पडद्यावर अमुक किलोमीटर, अमुक तास असे आकडे उमटतात आणि तेवढ्या भांडवलावर चार दिवसांचा बेत उभा राहतो. डोंगरालाही स्वतःचे पंचांग असते, ही गोष्ट गाडी घाटात शिरेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

बेत चुकतो तो बहुधा महिना निवडतानाच. मुरुडसारख्या पर्यटनाच्या गावी दिवाळी, नाताळ आणि मे हे कमाईचे दिवस. त्या काळात दुकान बंद ठेवून फिरायला जाणे व्यापारी कुटुंबाला परवडत नाही. गिऱ्हाईक मंदावते ते आषाढ-श्रावणात. साहजिकच ‘आता सवड आहे, धबधबे पाहून येऊ’ असा विचार घरात निघतो आणि गाडी नेमकी त्या दिवसांत घाटाला लागते, ज्या दिवसांत तिने तेथे नसावे.

महाड-पोलादपूरचा परिसर या बाबतीत फार बोलका आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरकडे निघाले होते. पोलादपूरहून वर चढणाऱ्या आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली आणि बसमधील एकच जण वाचला. अपघात रात्री झालेला नव्हता, दिवसाउजेडी झाला होता. पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. ताम्हिणी घाटात जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. भोरकडे जाणारा वरंधा घाट तर अलीकडे पावसाळ्यात प्रशासनच बंद ठेवते. एवढे असूनही ‘आमचा ड्रायव्हर जुना आहे’ या एका वाक्यावर सारे विसंबतात. ड्रायव्हर कितीही जुना असला, तरी दरड त्याला ओळखत नाही.

पूर्वीच्या व्यापाऱ्यांना हा मोह पडत नव्हता, कारण तशी सोयच नव्हती. कोकणातील मीठ बैलांच्या पाठीवर लादून तांडे घाटमाथ्यावर जात आणि परतताना धान्य-गूळ घेऊन खाली येत. सावित्रीकाठच्या महाडला वाईशी जोडणारा पारघाट हा त्यांपैकीच एक मार्ग. पाऊस लागला की तांडे थांबत आणि दसऱ्यानंतर वाटा पुन्हा वाहत्या होत. साधु-साध्वींचा विहारही आषाढात थांबतो आणि कार्तिक पौर्णिमेनंतर सुरू होतो. चातुर्मासाच्या स्थिरवासामागे जीवदयेचे कारण आहेच. पण वर्षाकाळात वाट ही वाट राहत नाही, हे या भूमीवरील जुने अनुभवज्ञानही त्याच्याशी जुळते. गृहस्थाला विहाराचे नियम लागू नसले, तरी घाटाच्या प्रवासासाठी हेच पंचांग वापरले तर त्याचे काही बिघडत नाही.

म्हणून कार्तिक पौर्णिमा उलटल्यापासून नाताळच्या गर्दीआधीपर्यंतचे तीन-चार आठवडे मुरुडकरांसाठी सर्वांत चांगले. दिवाळीचा हंगाम आटोपलेला असतो आणि नाताळचा माल अजून भरायचा असतो. हवा कोरडी, रस्ते वाळलेले. मुलांच्या शाळेचे दोन दिवस बुडतील, हा आक्षेप रास्त आहे. तरीही गुरुवार ते रविवार असे चार दिवस काढणे नाताळातील महाबळेश्वरच्या वाहनकोंडीत चार तास घालवण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे. या दिवसांत एक भान मात्र अधिक ठेवावे लागते. विहार सुरू झालेला असल्याने पहाटेच्या धूसर उजेडात साधु-साध्वी महामार्गाच्या कडेने चालत असतात. आपल्या घरची गाडी त्यांच्या शेजारून किती वेगाने जाते, याकडे मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांनीच लक्ष द्यावे.

आता प्रत्यक्ष बेत. मुरुडहून महाबळेश्वर, तेथून पाचगणी-वाईमार्गे सातारा, कोल्हापूर आणि कुंभोजच्या बाहुबली क्षेत्राचे दर्शन, मग परत कोकणात, अशी फेरी चार-पाच दिवसांत सुखाने होते. पण तिची आखणी निघण्याच्या वेळेपासून करायची नसते, ती सूर्यास्तापासून मागे मोजत आणायची असते. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मे महिन्यातल्या प्रवासाच्या तुलनेत तासभर उजेड कमी मिळतो. शिवाय पंचांगातील सूर्यास्त क्षितिजाचा असतो, दरीतला नव्हे. डोंगराच्या सोंडेआड सूर्य गेला, की घळीतल्या वळणांवर त्याच्या कितीतरी आधी अंधारून येते.

चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला हे मोजमाप सोपे जाते, कारण दिवसाचा शेवटचा टप्पा त्यांच्यासाठी आधीच ठरलेला असतो. पावणेसहापर्यंत सर्वांची जेवणे उरकायला हवीत. पर्यटनस्थळांवरील हॉटेलांत रात्रीचे जेवण सहसा सातनंतरच लागते. तेव्हा साडेपाचला जेवण हवे आणि ते कांदा, लसूण, बटाट्यावाचून हवे, हे दोन दिवस आधी फोनवर सांगून ठेवावे लागते. ‘कांदा-लसूण नाही’ म्हणजे सर्व कंदमुळे वर्ज्य, हे स्वयंपाक्याला सुटे करून सांगितलेले बरे. नाही तर जैन भाजी म्हणून बटाट्याचीच वाटी पुढे येते. जेवणापूर्वी हात-पाय धुऊन टेकायला तासभर हवा, म्हणजे चारच्या आत मुक्काम गाठला पाहिजे. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर चाळीसेक किलोमीटरच आहे. पण त्यात जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरपर्यंतची चढण आहे. मुले, आजी-आजोबा आणि उलटीसाठी दोन थांबे धरून त्याला दोन तास द्यावेत. वाटेत प्रतापगडाकडे वळायचे असेल, तर आणखी दोन. याचा अर्थ असा, की गड पाहायचा असल्यास पोलादपूर दुपारी बाराच्या आत सुटले पाहिजे आणि गड सोडला तरी दोननंतर घाटाला लागायचे नाही.

मुरुड ते महाबळेश्वर हा रस्ता दीडशे किलोमीटरहून थोडा अधिक. पहिल्या टप्प्यासाठी दोन पर्याय आहेत. एक केळघरमार्गे रोहा आणि कोलाडला महामार्ग. दुसरा आगरदांड्याहून फेरीबोटीने गाडीसह दिघी आणि मग म्हसळा-माणगाव. बोटीचा प्रवास मुलांना आवडतो, पण धक्क्यावरची प्रतीक्षा कोणाच्या हाती नसते. ती पत्करायची असेल, तर आदल्या दिवशी धक्क्यावरच वेळ विचारून घ्यावी. नवकारशी करणारे घरात असतील, तर सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबून मग निघण्याची गरज नाही. उजाडताच निघावे आणि वाटेत सावली पाहून नवकारशी पारावी. तेवढाच पाऊण तास खिशात पडतो.

खरी परीक्षा असते ती बेत बिघडल्यावर. कुणाचे पोट बिघडते, महामार्गावर काम चालू असते, माणगावच्या बाजारात गाडी अडकते आणि पोलादपूरला पोचेपर्यंत साडेतीन वाजतात. महाबळेश्वरच्या खोलीचे पैसे आगाऊ भरलेले असतात. येथे व्यापाऱ्याचे मन हिशेब मांडू लागते. बयाणा बुडवायचा कसा? ‘होईल, पोचू’ असे म्हणून गाडी घाटाला लागते, वर अंधार आणि धुके गाठते, जेवण चुकते, आजी उपाशीच झोपते आणि ड्रायव्हर घाई करतो. म्हणून ही मर्यादा निघण्यापूर्वी घरीच ठरवावी आणि ती सर्वांना माहीत असावी. दोन वाजून गेले, तर महाडलाच मुक्काम. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे, त्यात चारी दिशांप्रमाणे वर आणि खाली जाण्याचीही मर्यादा सांगितलेली आहे. देशावकाशिक व्रतात तर मर्यादा त्या-त्या दिवसापुरती आखली जाते. त्या व्रतांचा हेतू निराळा आणि कितीतरी मोठा आहे. तरी ‘आज इथवरच’ असे सकाळी ठरवून संध्याकाळी ते पाळण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घराला महाडला थांबणे जड जाऊ नये. एका रात्रीचे भाडे घाटातल्या एका चुकीच्या वळणापेक्षा नेहमीच स्वस्त असते.

गाडीविषयी फार सांगण्यासारखे नाही. टायर, ब्रेक, दिवे गॅरेजमध्ये तपासून घ्यावेत आणि टाकी महाडला भरावी. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरले, तर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणे ही काटकसर नव्हे. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्याचाही नियम आहे.

शिदोरीचा विचार मात्र घरातील स्त्रियांवर सोडून पुरुषांनी नामानिराळे राहू नये, कारण वेळेचे गणित तिच्यावरच उभे आहे. पोळ्या-थेपले पहिल्या दिवसापुरतेच. रात्र उलटली की ते चालत नाहीत. पुढच्या दिवसांसाठी कोरडे खाखरे, मुरमुरे, शेव, भाजलेले चणे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा हिवाळ्यात चार प्रहरांची, म्हणजे सकाळी मुक्कामावर उकळून भरून घेतलेले पाणी संध्याकाळपर्यंत पुरते. पावसाळ्यात तीच मर्यादा तीन प्रहरांची असते. घाट लागणाऱ्या मुलांना रिकाम्या पोटी नेऊ नये आणि तुडुंब पोटीही नेऊ नये. त्यांना समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे आणि हातातला मोबाइल काढून घ्यावा. ओले आले वर्ज्य असले, तरी सुंठीची गोळी किंवा आवळासुपारी तोंडात धरता येते.

दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट उतरून वाईला आल्यावर पुढचा रस्ता सपाट आणि रुंद आहे. तेथे वेळ भरून निघतो. बाहुबलीला धर्मशाळा आणि भोजनशाळा असल्याने जेवणाच्या वेळेची चिंता मिटते. २८ फुटी बाहुबलीमूर्तीचे दर्शन सकाळच्या कोवळ्या उन्हात घ्यावे. टेकडीच्या पायऱ्या वडीलधाऱ्यांनाही त्या वेळी जड वाटत नाहीत.

परतीचा मार्ग कराड-पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतो. हा उतार पश्चिमेकडचा, म्हणून दुपार कलल्यावर सूर्य थेट चालकाच्या डोळ्यांत येतो. पुष्कळ जण बाहुबलीहून निघून एका दमात मुरुड गाठतात. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते आणि शेवटचे दोन-तीन तास अंधारात, दमलेल्या हातांनी कापले जातात. त्यापेक्षा तीनच्या आत कुंभार्ली उतरून चिपळूणला मुक्काम करावा आणि संध्याकाळचे जेवण तेथे निवांत घ्यावे. सकाळी कशेडीच्या बोगद्यातून पोलादपूरला निघाले, की दुपारच्या जेवणाच्या सुमारास गाडी मुरुडला पोचते आणि चारला दुकान उघडता येते.